एका टेम्पोपायी आरोपी नंबर एक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मला हल्ली इतक्या जणांनी ऐकवलंय की समोरच्याने ‘शहाण्याने’ म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकते. अहो, मला हौस नाहीये चढायची. बोलावलंय. समन्स आलंय. ‘आरोपी’ या शब्दापुढे माझं नाव, नवऱ्याचं नाव, वय, धंदा किराणा दुकान. नाही चढले तर वॉरंट निघेल. मग तो शहाणपणा कुठे ठेवू, तेलाच्या डब्यांमागे?

गुन्हा काय, तर दिवाळीच्या आधी दुकानासमोर टेम्पो उभा होता. साखर, रवा, मैदा, पोहे, तेलाचे डबे, वर्षातला सगळ्यात मोठा माल. हमाल दोघंच, कारण दिवाळीत हमाल मिळतो कुठे? त्याच रस्त्यावर सराफाच्या दारात गिऱ्हाइकांच्या गाड्या दोन-दोन रांगांत लागलेल्या. कोपऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांची कमान, तिच्या बांबूंनी पाव रस्ता खाल्लेला, आणि वरचे दादा वाढदिवस उलटून महिने झाले तरी हात जोडून उभेच. यातलं पोलिसांना काय दिसलं? माझा टेम्पो. ड्रायव्हरने दुकानाकडे बोट दाखवलं, शॉप अ‍ॅक्ट माझ्या नावावर, झाले मी आरोपी. हवालदार तसे सभ्य होते. म्हणाले, “ताई, काही नाही, किरकोळ आहे, दोनशे त्र्याऐंशी. दोनशे रुपये दंड. सही करा इथं.”

आता मजा बघा. तोंडात २८३, कागदावर २८५. मी रात्री दुकान बंद करून मोबाइलवर नवी न्याय संहिता काढली आणि आधी २८३ उघडलं. तिथे काय लिहिलंय माहितीये? खोटा दिवा, खोटी खूण किंवा खोटा बोया दाखवून जहाजाची दिशाभूल करणे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मी पलंगावर उठून बसले. आयुष्यात मी गणपतीपुळ्याला एकदा समुद्रात पाय बुडवलेत. गलबतं कधी बुडवली मी?

मग कळलं की २८३ हा जुन्या दंड विधानातला आकडा. १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता लागू झाली आणि रस्त्यातल्या अडथळ्याचं कलम २८५ झालं. पण सगळे अजून जुनेच आकडे बोलतात. दंडाचंही तेच. जुन्या कलमात दोनशे रुपयांपर्यंत होता, नव्यात पाच हजारांपर्यंत. पंचवीस पट! मी शेंगदाण्यात किलोमागे पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक अर्धा तास हुज्जत घालतं. इथे दोनशेचे पाच हजार झाले आणि सांगणाऱ्या माणसालाही पत्ता नाही. कलमात ‘सार्वजनिक रस्ता किंवा जलमार्ग’ असं आहे, म्हणजे नावेनेही अडथळा करता येतो म्हणे. आमच्या नदीत मार्चनंतर म्हशीसुद्धा पाय कोरडे ठेवून जातात.

समन्सचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आला, अनोळखी नंबरवरून. एकीकडे सरकारच मध्यंतरी फोनवर रेकॉर्ड लावून बजावत होतं की पोलीस-कोर्टाच्या नावाने आलेल्या फोनला फसू नका, आणि दुसरीकडे खरं समन्स असं येतं. मुलीने पाहिलं आणि म्हणाली, “आई, ब्लॉक कर.” केलं. मग कागद घेऊन माणूस दारात आला, भर गिऱ्हाइकांत. जिरे-मोहरी घ्यायला आलेल्या बायका जिरे-मोहरी विसरल्या.

बरं, कागदावर आहे काय? केस नंबर, कलम, तारीख, सकाळी अकरा वाजता जातीने हजर राहावे. संपलं. सोबत काय आणायचं ते नाही. वकील लागतो का ते नाही. जामीनदार लागतो का ते नाही. तिथे मला काय विचारणार, मी काय उत्तर देऊ शकते आणि त्या उत्तराचा परिणाम काय, यातलं एक अक्षर नाही. अकराला म्हणजे अकराला, की अकराला बोर्ड सुरू होऊन माझं नाव चारला पुकारणार? दुकान अर्धा दिवस बंद ठेवू की अख्खा? तारीख आलीये नेमकी आठवडी बाजाराची. महिन्याच्या धंद्यातला मोठा वाटा त्या चार बाजारांत होतो, ते कुणाला सांगू?

आणि लिहिलेलं नाही म्हटल्यावर गावातला प्रत्येक जण वकील. भाऊजी म्हणतात, “वहिनी, तुम्ही कशाला जाताय, दादाला पाठवा.” जणू रेशनच्या रांगेत उभं राहायचंय. आरोपी मी आहे भाऊजी, बदली आरोपी चालत नाही! शेजारचे स्टेशनरीवाले म्हणतात, दोन जामीनदार न्या, एक सातबारावाला आणि एक पगारवाला. म्हणून मी चुलत दिरांना विचारलं, तर त्यांना एकदम सातबाऱ्यावरचं सोसायटीचं कर्ज आठवलं. हेच दीर लग्नाकार्यात ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत फिरत असतात. सासूबाईंचा प्रश्न वेगळाच, पिंजऱ्यात उभं करतात का गं? नणंदेने फोन करून सांगितलं, भारी साडी नेसू नकोस, दंड जास्त लावतील. आणि नवऱ्याने, देव त्यांचं भलं करो, आधार कार्डाच्या वीस झेरॉक्स काढून आणल्या. कशाला, तर असू देत.

कबुलीवरून तर घरात दोन पक्षच पडलेत. एक पक्ष म्हणतो, साहेब विचारतील गुन्हा कबूल आहे का, हो म्हणायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची, दुपारी जेवायला घरी. दुसरा म्हणतो, वेडी आहेस का, कबूल म्हणजे शिक्षा झाली, जन्माचा डाग, पासपोर्ट विसर. मुलगी पुढच्या वर्षी शिकायला परदेशी जाणार, तिच्याकडे एकदा तरी जायचं मनात आहे, म्हणून या पक्षाने मला बरोबर दुखऱ्या जागी धरलं. मी पासपोर्टचा १९६७ चा कायदा काढून कलम ६ वाचलं. शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारायचा तर गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा आणि कैद दोन वर्षांहून कमी नको. टेम्पोच्या दंडाचा तिथे संबंधच नाही. उलट कोर्टात खटला चालू असणं हेच नाकारण्याचं कारण म्हणून लिहिलंय, मग कोर्टाची परवानगी आणत बसा. म्हणजे ज्याला घाबरायचं सांगतात त्याने पासपोर्ट अडत नाही, आणि ‘लढ, तारखा घे’ म्हणून जे सुचवतात त्यानेच तो लटकतो! नोकरीसाठी पोलीस पडताळणी लागते त्यांचं गणित निराळं असेल, माझं दुकान आहे. पण हे मला पन्नाशीला आल्यावर रात्री साडेअकराला चष्मा लावून शोधावं लागलं.

वकिलांचं म्हणाल तर कोर्टाच्या आवारात टेबल-खुर्ची टाकून बसलेल्या दोघांना विचारलं. पहिल्यांनी वकीलपत्राची फी सांगितली, मग प्रत्येक तारखेचे वेगळे, मग ‘किरकोळ खर्च’ वेगळा. बेरीज पाच हजारांच्या वर. म्हणजे जास्तीत जास्त दंड झाला असता तरी स्वस्तात सुटले असते. दुसरे म्हणाले, आधी तारखेला या, मग बघू. अहो, पण तारखेआधीच तर बघायचंय!

शेवटी कुणीतरी त्याच इमारतीतली विधी सेवा समितीची खोली दाखवली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला त्या दिवशी कळलं. बचत गटात आम्ही शंभर योजनांची माहितीपत्रकं वाटली असतील, ही नाही. तिथे एक तरुण वकीलबाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी समन्स पाहिलं आणि शांतपणे जे सांगितलं त्याने मी आणखीच पेटले.

नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्यात, कलम २२९ आहे. ज्या गुन्ह्याला नुसता दंड आहे आणि तोही पाच हजारांपर्यंतच, त्याला किरकोळ गुन्हा म्हणायचं. असा खटला झटपट निकाली काढण्यासारखा वाटला, तर मॅजिस्ट्रेटनी आरोपीला पर्याय देणारं समन्स काढायचं. लढायचं असेल तर या तारखेला या, स्वतः किंवा वकिलामार्फत. कबूल करायचं असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी कबुली आणि समन्सात लिहिलेला दंड पोस्टाने किंवा माणसाकरवी पाठवून द्या, यायची गरज नाही. वकिलालाही लेखी अधिकार देता येतो. आणि असं समन्स काढायचं नसेल तर साहेबांनी कारण लिहून ठेवायचं. ही काही नवी टूमही नाही. जुन्या फौजदारी संहितेत हेच कलम २०६ होतं, मर्यादा हजार रुपयांची होती इतकंच.

म्हणजे सोय आहे! माझ्यासारखीने बाजाराच्या दिवशी शटर ओढू नये, दिरांच्या सातबाऱ्याकडे आशेने बघू नये, यासाठी कायदा करणाऱ्याने डोकं लावून ठेवलंय. आणि माझ्या हातात मात्र जातीने हजर राहावे. मी विचारलं, असं समन्स कधी पाहिलंय का तुम्ही? त्या हसल्या. म्हणाल्या, “अभ्यासाला होतं, काकू.”

याचा राग येतो मला. दंडाचा नाही. दंड लावा, घ्या पैसे. दुचाकीचं चलन मोबाइलवर येतं, फोटो दिसतो, रक्कम दिसते, बटण दाबलं की भरलं. मीठ-मसाल्याच्या पुडीवर मला वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीचा फोन नंबर सगळं छापून घ्यावं लागतं, एक ओळ राहिली तर वजनमापवाले उभे राहतात. आणि माणसाला आरोपी म्हणून बोलावताना त्या कागदाची मागची बाजू कोरी! तिथे चार ओळी छापायला काय सोनं लागतं? गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क आहे, साहेबांना योग्य वाटलं तर नुसत्या जातमुचलक्यावरही, म्हणजे जामीनदाराशिवाय तुमच्याच लेखी हमीवर, सोडतात. वकील परवडत नसेल तर अमुक खोलीत जा. बस. निम्म्या गावाची झोप वाचेल आणि झेरॉक्सवाल्याचा धंदा जरा बसेल.

ई-कोर्ट्सचं अ‍ॅपही घेतलं मी. त्यात सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर टाकायचा, प्रत्येक केसचा वेगळा असतो तो. समन्सावर तो नाही. केस नंबर, वर्ष, तालुका, कोर्ट निवडत निवडत शोधली, तर माझं नाव इंग्रजीत चुकीच्या स्पेलिंगने आणि पुढे टप्पा, ‘अपिअरन्स’. एवढी माहिती माझ्याकडे होतीच.

तर आता ठरलंय असं. वकीलबाई २२९ चा अर्ज लिहून देणार आहेत, मान्य झाला तर झाला. नाहीतर मी स्वतः जाऊन कबूल करणार, लगेच दंड भरणार आणि पावती पाकिटात ठेवणार. दिरांना बोलावणार नाही. साडी नेहमीची. पिशवीत आधार, समन्स, पैसे, पाण्याची बाटली, भाजी-पोळी आणि नवऱ्याच्या समाधानासाठी त्या झेरॉक्स. दुकान मुलगी उघडेल, गूळ आणि साबुदाणा सोडून सगळ्याचे भाव तिला पाठ आहेत.

एवढी सगळी तयारी झाल्यावर काल सहज कोर्टातल्या कारकुनाला विचारलं, “साहेब त्या दिवशी असतील ना?” ते फाईल बांधत म्हणाले, “रजेवर असले तर पुढची तारीख मिळेल.” म्हटलं, मग आदल्या दिवशी फोन करून विचारू का? तर म्हणाले, “फोनवर सांगत नाही आम्ही. त्या दिवशी येऊन बघा.”