‘कॉट घेताय? आधी हे वाचा’: वाचलं, आणि मोजूनही पाहिलं

महिन्याभरात हा मेसेज मला पाच जणांनी पाठवला. पहिल्यांदा आमच्या आक्काने, फॅमिली ग्रुपवर. मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या. मुलगी बाळंतपणाला माहेरी, नाशकात आलीय, नातू सव्वा महिन्याचा झालाय आणि मी कॉट शोधत मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत फिरतोय, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नाही.

मेसेजात सात मुद्दे आहेत. एक, परदेशात कॉटमुळे बाळं दगावतात, त्यालाच ‘कॉट डेथ’ म्हणतात, तेव्हा आपली झोळी बरी. दोन, उताणं झोपवलं तर दूध घशात अडकतं, म्हणून कुशीवर किंवा पालथं झोपवा. तीन, गादी जितकी मऊ तितकं बाळ सुखी. चार, डोक्याखाली मोहरीची उशी हवीच. पाच, कॉटला आतून चारही बाजूंनी मऊ पॅड बांधा. सहा, डोक्याकडची बाजू उंच करा, म्हणजे गॅस होत नाही. सात, कठडा खाली सरकणारी आणि महागातल्या लाकडाची कॉट घ्या. तळाशी ‘हे डॉक्टरांनीही मान्य केलंय’. कोणत्या डॉक्टरांनी, ते लिहिलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. सातपूरच्या एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. त्या खात्यात माप घेतल्याशिवाय ‘ओके’चा शिक्का मारता येत नाही, ती सवय काही सुटली नाही. म्हणून बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या सूचना मुलीने वाचून दाखवल्या, आणि दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवली. सातही मुद्द्यांवर मेसेज चुकलेला आहे. एखादा तरी बरोबर निघेल असं वाटलं होतं.

पहिला मुद्दा नावावरूनच फसलाय. ‘कॉट डेथ’ म्हणजे कॉटने मारलेलं बाळ नव्हे. धडधाकट बाळ रात्री झोपवलं आणि सकाळी कॉटमध्ये गेलेलं आढळलं, कारण सापडलं नाही, म्हणून इंग्रजांकडे त्याला ते नाव पडलं. नाव जागेवरून आलं, कारणावरून नाही. विहिरीवर पडलेल्या विजेला कुणी ‘विहिरीची वीज’ म्हणावं, तसं. १९६९ मध्ये डॉक्टरांनी ‘अर्भकाचा आकस्मिक मृत्यू’ अशा अर्थाची वेगळी संज्ञाच ठरवली. उलट आज सगळे बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळासाठी सपाट, वेगळी, मोकळी जागा हवी, आणि ती आईच्या खोलीतच, तिच्या पलंगाला लागून, निदान पहिले सहा महिने. कॉट घेतली म्हणजे बाळ आईपासून तोडलं, ही आक्काची तक्रार त्यातच मिटते. हात लांब केला की बाळ लागतं.

झोळीबद्दल मी जपून बोलतो, कारण मीही झोळीतच वाढलो. जागं बाळ, समोर माणूस, दहा-पंधरा मिनिटं आंदुळणं, याला कुणाची हरकत नाही. रात्रभर मात्र नको. साडीची झोळी खोलगट होते, बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान लुळी. श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. ती वाकली की श्वास अडतो आणि मान वर करायची ताकद त्याच्यात नसते. ‘आपण सगळे त्यातच वाढलो ना?’ असं आक्का म्हणते. आमच्या आजीची अकरा बाळंतपणं झाली, जगली सहा. उरलेली पाच कशाने गेली ते कुणी लिहून ठेवलं नाही. ‘बाळसं धरलं नाही’ एवढंच ऐकलं. झोळीने गेली असं मी म्हणत नाही. पण जे वाढले त्यांच्याच साक्षीवर निकाल देता येत नाही, इतकं कळतं.

दुसरा मुद्दा सगळ्यांत घातक, कारण तो ऐकायला अगदी पटतो. उताणं बाळ, दूध ओकलं, घशात गेलं, संपलं. चित्र डोळ्यापुढे उभं राहतं. मी आक्काला दोन पेनं एकावर एक आडवी धरून दाखवली. बाळ उताणं असताना वरचं पेन म्हणजे श्वासनलिका, खालचं अन्ननलिका. ओकलेलं दूध खालच्या नळीतून येतं आणि खालीच राहायला बघतं. वरच्या नळीत शिरायचं तर त्याला चढावं लागेल. आता दोन्ही पेनं उलटी कर, म्हणजे बाळ पालथं. श्वासनलिका खाली आली, दूध वरून. आता सांग कुठे जाईल? शिवाय उताणं असलं तरी बाळ गिळतं, खोकतं, मान वळवतं. ती सोय निसर्गानेच दिलेली आहे.

आणि हे पेनांच्या खेळावर थांबत नाही. ब्रिटनमध्ये १९९१ च्या शेवटी ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम सुरू झाली. अमेरिकेत १९९२ मध्ये सल्ला दिला गेला आणि १९९४ पासून देशभर प्रचार झाला. दोन्हीकडे असे आकस्मिक मृत्यू काही वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. इतकी लेकरं एका साध्या सवयीने वाचली आणि आपण अजून उलटा सल्ला पुढे ढकलतोय, याचा मला खरंच राग येतो. कुशीवर झोपवणं हा मधला मार्ग वाटतो, पण कुशीवरचं बाळ कलंडतं, आणि पुष्कळदा पालथंच पडतं. दिवसाही आणि रात्रीही, प्रत्येक झोपेला उताणंच. पुढे बाळ आपलं आपण दोन्हीकडून वळायला लागलं की त्याला दर वेळी उठून सरळ करायची गरज नाही. झोपवायचं मात्र उताणंच. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा काही दुखणं असेल, तर त्याच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

गादीसाठी भद्रकालीतल्या एका गादीवाल्याकडे गेलो. ‘बाळाला ना? मग सावरीचा कापूस घाला काका, लोण्यासारखा!’ त्याने नमुन्याची गादी पुढे केली. मी पंजा दाबून उचलला. बोटांसकट खड्डा तसाच. त्या खड्ड्यात आपला हात आहे तोवर गंमत आहे. तिथे पालथं वळलेल्या बाळाचं नाक आलं की सोडलेलाच श्वास ते परत परत घेतं. मऊ गादी म्हणजे सुख, हे आपलं, दुखऱ्या कमरेच्या माणसांचं गणित. बाळाला हाडांचं दुखणं नसतं. मग दुसरी, दाट फोमची गादी पाहिली. दाबली तर हात टेकल्यासारखा वाटला, उचलला की जागा सपाट. तीच घेतली. गादीवाल्याचा चेहरा असा, जणू मी नातवाला फरशीवर निजवणार आहे.

गादी कॉटच्या मापाला तंतोतंत लागते. लहान कॉट साधारण १२० बाय ६० सेंटिमीटरची असते, पुढे मुलाचा पलंग होणारी कॉटबेड १४० बाय ७०. गादी एका बाजूला सरकवायची आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या फटीत बोटं घालून बघायची. दोन बोटांपेक्षा जास्त जागा उरली तर गादी बदलायची. ती फट उशीने किंवा गोधडीने भरायची नाही. ओलीसाठी मेणकापड गादीवर ताणून, त्यावर घट्ट बसणारी एक चादर. बस.

मोहरीच्या उशीवर आमच्या घरात दोन दिवस अबोला होता. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात. उताणं झोपणाऱ्या बाळाचं डोकं मागून थोडं चपटं दिसू शकतं, हे खरं आहे. पण पहिल्या वर्षात कोणतीच उशी नको, मोहरीची नाही आणि ‘खास बाळाची’ म्हणून विकतात तीही नाही. मान पुढे ढकलली जाते, बाळ घसरून तोंड उशीत जातं, आणि शिवण उसवली तर दाणे नाकाशी. डोक्याचा उपाय वेगळा आहे. एक दिवस डोकं कॉटच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. बाळ आईकडे बघायला मान आपोआप वळवतं. जागेपणी दिवसातून दोन-तीनदा चटईवर पालथं ठेवायचं, समोर कुणीतरी बसून. हे काम हल्ली माझ्याकडे आहे. दोन मिनिटांत तो लालबुंद होतो आणि माझ्याकडे असा बघतो की मीच त्याला इथे आणून टाकलंय.

आता पॅड. पूर्वी कॉटचे दांडे एकमेकांपासून लांब असत, म्हणून मधल्या जागा झाकायला पॅड बांधत. अमेरिकेत १९७४ पासून दांड्यांमधलं अंतर जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर ठरवलं गेलं आणि पॅडचं काम संपलं. विक्री मात्र चालूच राहिली. तोंड त्यात रुतणं, नाड्या गळ्याला अडकणं, थोडं मोठं बाळ त्यावर पाय देऊन वर चढणं, हे सगळं झाल्यावर तिथे २०२२ मध्ये कायद्याने बंदी आली. दांड्यावर आपटून टेंगूळ येईल ना? येईल कधीतरी. टेंगूळ उतरतं.

सहा सेंटिमीटरच का, हे समजून घेण्यासारखं आहे. बाळाचं अंग पायांकडून फटीतून बाहेर सरकू शकतं, डोकं सरकत नाही. अंग बाहेर, डोकं आत. यापुढचं लिहीत नाही. कंपनीत भोकाचं माप तपासायला आम्ही ‘गो, नो-गो’ गेज वापरायचो: एक टोक गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ओळखीच्या सुताराकडून बरोबर ६० मिलिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा करून घेतला आणि दुकानोदुकानी नेला. एका चकचकीत दुकानात, फुलाफुलांच्या कॉटच्या दांड्यांमधून ठोकळा आरामात पलीकडे. विक्रेता म्हणाला, ‘सर, एवढं कुणी बघत नाही.’ दांडे दाबून, थोडे फाकवूनही बघायचे. पातळ पट्ट्या वाकतात आणि ५५ चे ६५ होतात. माळ्यावरचा आमचा जुना पाळणा काढला, त्याच्या गजांत अंतर नऊ सेंटिमीटर. तो परत माळ्यावर गेला. त्याचा लाल-हिरवा रंगही नको होता. घरगुती रंगांतल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल कोण जाणे, आणि दात येताना बाळ कठडाच चावतं.

डोक्याकडे विटा ठेवून कॉट तिरपी करण्याने गॅसही थांबत नाही आणि ओकणंही. बाळ घसरून पायाशी गोळा होतं, हनुवटी पुन्हा छातीला. दहा अंशांहून जास्त उतार झोपेसाठी नको असं सांगतात. तिरप्या झोपण्याचं एक प्रसिद्ध अमेरिकन आसन २०१९ मध्ये परत मागवावं लागलं, सुमारे ४७ लाख नग, आणि त्याच्याशी जोडलेले मृत्यू तीसहून अधिक. एवढं पुरे.

सरकता कठडा मला स्वतःला आवडला होता, मुलीच्या टाक्यांचा विचार करून. पण सरकणारी वस्तू ढिली होते, हे क्वालिटीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही. खाच झिजते, प्लॅस्टिकची कडी तुटते, एक कोपरा सुटून फट पडते आणि बाळ तिथे अडकतं. अमेरिकेत जून २०११ पासून अशा कॉट विकताच येत नाहीत. त्यापेक्षा गादीखालच्या फळीची उंची बदलता येणारी कॉट घ्या: पहिले काही महिने फळी वर, आईला वाकावं लागत नाही, बाळ बसायला लागायच्या आधी ती खाली. लाकूड सागवान की आंब्याचं, याने काही फरक पडत नाही. कोपऱ्याचे खांब वर आलेले नकोत, झबलं अडकतं. सेकंड हँड घेतलीत तर प्रत्येक बोल्ट जागेवर आहे का ते मोजा. एक जरी नसेल तर त्या जागी तार पिळू नका.

मेसेजात थंडीबद्दल एक अक्षर नाही, आणि आपल्याकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली जातो. निफाडची तर बातमीच येते. म्हणून सगळ्या आज्या बाळावर दुलई, वर गोधडी, डोक्याला कुंची. अति उबेनेही धोका वाढतो, आणि पांघरूण तोंडावर येतं. मुलीने जुन्या सुती दुलईची बिनबाह्यांची पिशवी शिवली, खाली बंद, गळ्याशी बरोबर. कुंची झोपताना काढायची. हात-पाय गार लागले तरी घाबरायचं नाही. मानेमागे हात लावून बघायचं, घाम असेल तर एक कपडा कमी. गळ्यातला काळा दोरा आक्काने स्वतः काढून मनगटाला बांधला, हा आमच्यातला तह. झोपताना तोही सोडायचा, हे अजून पटवायचंय. खुळखुळे आणि कापडी हत्ती टेबलावर असतात.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. आक्काने अंगठा दाखवला नाही, पण दुसऱ्या दिवशी फोन करून तो ठोकळा मागितला. तिच्या धाकट्या सुनेला आठवा लागलाय.

मुलगी होळीनंतर सासरी जाईल, कॉट उकलूनच न्यावी लागेल. आठ बोल्ट, वॉशर आणि ॲलन की एका औषधाच्या डब्यात भरून डबा फळीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवायचा ठरवलाय. जावईबापूंना अजून सांगितलेलं नाही.