१४ चे बोल्ट, १२ चे स्टड आणि तुमचा एक तारा

नमस्कार साहेब,

आमच्या चाकांच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या व्हेंटोला सतरा इंची अलॉय लावायचे होते, सोबत ऑनलाइन मागवलेला स्टडचा, म्हणजे चाक नटाने धरणाऱ्या आटेदार दांड्यांचा, सेट होता. आम्ही तुम्हाला दोन तास बसवून ठेवलं, चारशे रुपये घेतले आणि शेवटी ‘हे आम्ही लावत नाही’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दुकानात तेच काम वीस मिनिटांत झालं. दुकानात काम करणारा आमचा पोरगा उद्धट बोलला. आणि आम्ही गिऱ्हाइकाला घाबरवून आपलाच माल खपवतो. हे तुमचं म्हणणं. एक तारा दिलात, तोही शून्य देता येत नाही म्हणून, असं खाली लिहिलंत.

तारा राहू द्या. पण तुमचं वाचून काही जण दुकानात येऊन विचारून गेले, की तुम्ही बोल्टचे स्टड करून देतच नाही का? म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिवाय गाडी तुम्ही अजून त्याच स्टडवर चालवताय, आणि मला एका ताऱ्यापेक्षा त्याची काळजी जास्त आहे.

तर पहिली गोष्ट, आम्ही हे काम करतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांत हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, स्टड नसतात. चाक धरून बाहेरून बोल्ट आवळायचा असतो, १४ मिलिमीटर जाडीचा, दीड पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात दीड मिलिमीटर सरकणारा. मारुती, ह्युंदाई, टोयोटा यांच्याकडे हबमध्येच स्टड बसवलेले असतात आणि वरून नट. तुम्ही घेतलेले अलॉय या दुसऱ्या पद्धतीच्या गाड्यांसाठी बनवलेले. त्यांची नटाची भोकं अरुंद आहेत. तुमचा मूळ बोल्ट आत जातो, पण त्याच्या डोक्यावर १७ चा सॉकेट पाना उतरत नाही. अशा वेळी एका टोकाला १४ चे आणि दुसऱ्या टोकाला १२ चे आटे असलेला स्टड हबमध्ये बसवून वरून बारीक नट लावणं हा रीतसर उपाय आहे. उलट त्यात एक सोय पण आहे, चाक स्टडवर टेकवून नट लावता येतात. बोल्टच्या गाडीत एका हाताने चाक उचलून दुसऱ्या हाताने भोक शोधावं लागतं, ते रस्त्यात पंक्चर काढलेल्या माणसाला विचारा.

तुमचे मित्र म्हणाले की १२ चे स्टड भरपूर झाले, निम्म्या गाड्या त्याच्यावरच चालतात. बरोबर म्हणाले. फॉर्च्युनरसुद्धा १२ च्याच स्टडवर चालते, फक्त तिथे एका चाकाला सहा असतात. १२ च्या जाडीशी आमचं भांडण नव्हतंच.

आता चाक टिकतं कशावर ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बहुतेकांना वाटतं की चाक बोल्टच्या दांड्यावर टांगलेलं असतं. प्रत्यक्षात आवळताना बोल्ट रबरासारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. त्या दाबामुळे दोन्ही तोंडांत जे घर्षण होतं, ते गाडीचं वजन, ब्रेक, वळण सगळं पेलतं. दाब कमी झाला की चाक हबवर केसभर सरकायला लागतं. मग प्रत्येक फेऱ्याला स्टड इकडून तिकडे वाकतो आणि असा लाखो वेळा वाकला की एक दिवस तुटतो. तुटलेला स्टड हातात घेतलात तर बहुतेक वेळा कहाणी जाडीची नसते, सैल राहण्याची असते.

त्यामुळे १४ वरून १२ वर येताना दोन आकडे बघावे लागतात. ताण पेलणारं क्षेत्रफळ १४ च्या बोल्टचं साधारण १२५ चौरस मिलिमीटर, १२ च्या दीड पिचवाल्याचं ८८. आणि बारीक स्टडला तेवढाच टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिला तर तो जास्त ओढला जातो. दोन्ही धरून हिशेब केला, तर कंपनीने १४ साठी सांगितलेले १२० न्यूटन-मीटर तसेच्या तसे १२ ला दिल्यावर आतला ताण दीडपटीहून जास्त होतो. चांगल्या पोलादाचा स्टड तोही सोसतो. पण चांगल्या पोलादाचा आहे हे कळायला त्यावर शिक्का लागतो. १०.९ असा शिक्का असेल तर त्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला किमान १००० न्यूटनपर्यंत तो तुटत नाही आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ताणला तरी सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतो.

तुमच्या सेटमधले वीसही स्टड आम्ही ट्रेमध्ये ओतून पाहिले. तुम्ही समोरच उभे होतात. एकावरही शिक्का नव्हता. पाकिटावर ‘एआरएआय अप्रूव्ड’ छापलेलं होतं, ते तुम्ही दोनदा दाखवलंत. साहेब, एआरएआय ही गाड्यांची तपासणी करणारी संस्था, आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. तिथे तपासणी झाली तर अहवाल मिळतो, त्यावर नंबर असतो. विकणाऱ्याकडे तो मागा. पाकिटावर काय, काहीही छापता येतं.

तरीही मी म्हटलं, एक स्टड लावून बघू. पुढच्या डाव्या हबला तो हाताने पूर्ण बसवला, तुमचा अलॉय चढवला आणि नट बोटांनी फिरवला. पाच फेऱ्यांत नट चाकाला टेकला. तुम्हाला पण फिरवून बघायला दिला होता. दीड पिचचे पाच फेरे म्हणजे साडेसात मिलिमीटर पकड. १२ च्या स्टडला निदान १२ मिलिमीटर तरी आटे लागायला हवेत, म्हणजे आठ फेरे. तुमच्या अलॉयचं नटाखालचं अंग जाड आहे आणि स्टड आखूड, एवढाच प्रकार. अशा नटाला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराला ‘टिक’ करणारा पाना, लावला तर तो ‘टिक’ म्हणेल. आटे मात्र खड्ड्यात आदळता आदळता कधी सोलून निघतील ते सांगता येणार नाही, आणि आपल्याकडे खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही.

‘मग लांब स्टड लावा’ असं तुम्ही म्हणालात. बाहेरच्या बाजूने लांब चालतो. हबमध्ये जाणारी बाजू लांब घेऊन चालत नाही. तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, स्टड जास्त आत गेला तर ब्रेकच्या सामानाला घासतो. म्हणून दोन्ही बाजूंची लांबी व्हर्नियरने मोजून मागवावी लागते. ती मी मागवून देतो, चार दिवस लागतील, असं म्हटलं. त्याला तुम्ही ‘माल खपवणं’ म्हणता. नाना पेठेतून आणा, आणखी कुठून आणा, शिक्क्याचे आणि मापाचे आणा. मजुरी तीच राहील.

हबवर चाकाच्या मधल्या भोकात बसवायच्या रिंगचं पण तसंच. तुमच्या अलॉयचं मधलं भोक ७३.१ आणि हबचा उंचवटा ५७.१. चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर मोकळं. रिंग वजन पेलत नाही, चाक मध्यावर बसवते. ती नसली तर नट वाकडे-तिकडे आवळले जातात आणि मग एक्स्प्रेसवेवर ऐंशी-नव्वदला स्टेअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करून करून थकतात.

आणि स्टेपनी! याबद्दल तुमच्या रिव्ह्यूत एक शब्द नाही, पण आमच्या पोराने सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. तुमच्या डिकीतलं मूळ चाक गोल बैठकीचं आहे, म्हणजे बोल्ट टेकायची जागा गोल, १३ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्याला साजेसं. सेटमधले नट साठ अंशाच्या शंकूचे. ते त्या चाकावर नीट बसत नाहीत, कडेकडेनेच टेकतात. मूळ बोल्ट लावावा तर हबमध्ये स्टड बसलेले. म्हणजे ताम्हिणीत रात्री पंक्चर झालं तर चाक आहे, जॅक आहे आणि लावायला काही नाही. स्टेपनीसाठी गोल बैठकीचे वेगळे नट घ्या, पाचचा एक संच डिकीत पडू द्या, असं तो सांगत होता. तुम्ही म्हणालात, ‘मला शिकवू नकोस.’ त्यावर तो म्हणाला, ‘मग साहेब, मालकांशी बोला, मी हे लावत नाही.’ याला उद्धटपणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्याला त्याबद्दल काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

वेळेचं म्हणाल तर शनिवारी संध्याकाळी अलाइनमेंटची रांग असते, ती तुम्ही आलात तेव्हाही होती. चारशे रुपये चाक उतरवणं, मोजमाप आणि मूळ चाक परत टॉर्क रेंचने आवळून देण्याचे होते. बिलात तसं लिहिलंय, फळ्यावरही आहे.

कायद्याचं एकच सांगतो, सगळ्यांनाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ वर्णनाबाहेर बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. मोठं चाक घ्यायच्या आधी विमा कंपनीला एकदा लेखी विचारा. हे आम्ही सांगितलं तेव्हा तुम्ही ‘घाबरवताय’ म्हणालात.

आता तुमच्या वीस मिनिटांच्या कामाकडे येतो. त्या दुकानाबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांनी काय लावलं ते मी पाहिलेलं नाही. स्टड तेच असतील तर आज संध्याकाळीच एवढं करा. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाक जमिनीवरच. एका चाकाचा एकच नट सैल करा, बाकीचे चार तसेच राहू द्या. हाताने फिरवत तो सुटेपर्यंत पूर्ण फेरे मोजा. आठपेक्षा कमी भरले तर गाडी जागेवर ठेवा आणि मूळ बोल्ट-चाकं परत लावून घ्या. नटाबरोबर अख्खा स्टडच बाहेर आला तर हबमधल्या आट्यांना थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा डिंक) लावलेलं नाही, असं समजा. आट्यांवर तेल किंवा ग्रीस दिसलं तर तेही वाईट. तेलामुळे घर्षण कमी होतं, तेवढ्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, आणि त्यावर नट आवळायची गन (मशिन) चालवली असेल तर तो आधीच ताणून लांब झालेला असू शकतो. तसा एकदा ताणलेला स्टड बदलायचाच, परत आवळून उपयोग नाही. फेरे बरोबर भरले, आटे कोरडे निघाले तरी तो नट स्टडवाल्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळा, अंदाजाने नको. नवीन चाकाचा रंग बैठकीत दबतो, म्हणून पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत एकदा रेंचने बघायचे असतात. हे त्यांनी सांगितलं असेलच.

सावकाश वळताना चाकातून टकटक येत असेल किंवा नटाभोवती काळी-तांबूस भुकटी दिसत असेल, तर मोजत पण बसू नका, गाडी टोइंगने हलवा.

टॉर्क रेंच नसेल तर जवळच्या कुठल्याही चांगल्या दुकानात जा, आमच्याकडेच यायला हवं असं नाही. आलात तर तपासणीचे पैसे घेणार नाही. फक्त मूळ बोल्ट आणि स्टेपनी डिकीत असू द्या, आणि गुरुवार सोडून या.