कुंडाखालच्या उष्णतेवर हक्क कुणाचा?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेचं धोरण जाहीर केलं. ती बातमी कुणीतरी आता टाकली आणि खाली लिहिलं, "तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्यावर वीज करा." जुन्या माणसांनी कळवलं की कुंड देवाचं आहे, हात लावू नका. त्यावर पुण्यातल्या चुलतभावाचं उत्तर आलं: "कोकणी माणूस आडवा येणारच. एन्रॉन नको, जैतापूर नको, बारसू नको. न्यूझीलंडात जमिनीतून वीज काढतात, कुणी चकार शब्द काढत नाही. विचारा दादाला."

दादा म्हणजे मी. न्यूझीलंडात टाउपोला राहतो, वाईराकेईच्या भूऔष्णिक वीजकेंद्राच्या पाइपांच्या कमानीखालून रोज कामावर जातो. माझं नाव पुढे करून गावाला करंटं ठरवलं, याची मला चीड आली आहे.

चकार शब्द काढत नाहीत, हे साफ खोटं आहे. वाईराकेईचं केंद्र १९५८ साली सुरू झालं. पाणी उपसलं तशी शेजारच्या गीझर व्हॅलीतली गीझर, म्हणजे उकळत्या पाण्याची नैसर्गिक कारंजी मेली, काही भागात जमीन खचली. त्याआधीच १९५३ च्या कायद्याने सरकारने या उष्णतेवरचा हक्क स्वतःकडे घेतला होता, त्यामुळे तिथल्या माओरी, म्हणजे मूळ रहिवासी लोकांना विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पुढे रोटोरुआत घरोघरी बोअर मारल्या आणि फाकारेवारेवाचे गीझर मंदावले. शेवटी १९८७ मध्ये तिथल्या पोहुतू या मोठ्या गीझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर सरकारला बंद करायला लावाव्या लागल्या. पोहुतू आज उडतो तो त्यामुळे. कुंडाला हात लावू नका म्हणणारी आमची म्हातारी माणसं मूर्ख नाहीत. ती जे म्हणतात ते इथे घडून गेलं आहे.

इथली आजची शांतता कशातून आली तेही ऐका. मोकाईचं केंद्र २००० साली उभं राहिलं, त्यात जमिनीच्या माओरी मालकांचा ट्रस्ट मोठा भागीदार आहे. २०११ पासून त्याच उष्णतेवर शेजारी दुधाची भुकटी करणारा कारखाना चालतो, तोही माओरी मालकीचा. ङा आवा पुरुआ हे १४० मेगावॉटचं केंद्र २०१० मध्ये सुरू झालं, तिथेही जमीनवाला ट्रस्ट भागीदार आहे. आमच्याकडे जमीनवाल्याला मोबदल्याचा चेक आणि घरटी एका नोकरीचं आश्वासन मिळतं. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, त्यात गुहागरकराची मालकी किती होती? बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या बोअर पोलीस बंदोबस्तात मारल्या. अशा वेळी आडवा येणार नाही तो कसला गावकरी?

आता ग्रुपवर आइसलँडचे फोटो टाकणाऱ्यांसाठी. आइसलँडसारखीच इथे न्यूझीलंडातही खाली ज्वालामुखीची उष्णता आहे, बोअरमधून दोनशे अंशांच्या वरचं पाणी आणि वाफ येते. कोकणात तसं नाही. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. वर येईपर्यंत ते साधारण चाळीस ते सत्तर अंशांवर असतं, दापोलीकडचं उन्हवरे त्यातलं सगळ्यात कढत. या पाण्याने टर्बाइन थेट फिरत नाही. त्यावर कमी तापमानाला उकळणारं दुसरं द्रव तापवून त्याची वाफ वापरावी लागते. अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज होते. पण तिथे ती वाफ पुन्हा थंड करायला बर्फासारखं पाणी आहे. आमच्या नदीचं पाणी मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास असेल. गरम आणि थंड यातला फरकच वीज देतो, आणि तो फरक आमच्याकडे तोकडा आहे. जास्त खोल गेल्यावर जास्त गरम पाणी लागेलही, पण ते बोअर मारल्यावरच कळेल.

मला विचाराल तर आधी विजेचा हट्ट सोडा. ही उष्णता तशीच वापरा. अवकाळी पाऊस आला की आमसुलं काळी पडतात, मासळी सडते, काजूच्या कारखान्यात लाकूड जाळावं लागतं. वाळवणाला साठ अंश पुरे आहेत. कुंडाचं पाणी न उपसता बाजूच्या बोअरमधून उष्णता घ्यायची आणि पाणी परत जमिनीत सोडायचं.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू तर गेलास. आता तू का बोलतोस?"

ते लागलं. जुलैच्या थंडीत मी इथल्या एसी बाथ्स या गरम पाण्याच्या तलावात तासभर बसतो, अंग शेकतं, बस. राजवाडीच्या कुंडात पाय टाकण्याआधी मात्र हात जोडले जातात. आजी सांधे धरले की तिथे जायची आणि मला बरोबर न्यायची. पासपोर्ट बदलला तेव्हा मतदार यादीतलं नाव गेलं, ग्रामसभेत मला आवाज नाही. सातबाऱ्यावर मात्र सहहिस्सेदार म्हणून मी अजून आहे, आणि मला त्या कागदावरून निघायचं नाही. इथे वीस वर्षं काढूनही कुणी गाव विचारलं तर माझ्या तोंडून टाउपो येत नाही.

म्हणून भावा, बोलणार. ग्रामसभेत तुम्ही लेखी मागा: काम सुरू होण्याआधी वर्षभर कुंडाच्या तापमानाची आणि पातळीची नोंद, ती घसरली तर बोअर बंद करण्याची अट, आणि प्रकल्पात गावाची भागीदारी. आमच्या सामाईक जमिनीवर बोअर मारायला कुणी आलं तर त्यांना माझीही सही लागेल. या तीन गोष्टी कागदावर आल्याशिवाय मी ती देणार नाही.