बीएमडब्ल्यूने तारीख दिली नाही, तेच योग्य होतं

2019 च्या सुमाराला बीएमडब्ल्यूवर केवढी टीका होत होती! 2013 मध्ये कार्बन फायबरची इलेक्ट्रिक गाडी आय3 आणून ही कंपनी जर्मन स्पर्धकांच्या पुढे निघून गेली होती. मग तिने हात आखडता घेतला आणि टेस्लाला रान मोकळं करून दिलं, असा सूर होता. त्यातच ऑलिव्हर झिप्से प्रमुख झाले, आणि पेट्रोल-डिझेल इंजिन कधी बंद करणार याची तारीख द्यायला त्यांनी ठाम नकार दिला. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी कंपनी, असं सर्रास बोललं गेलं.

मला हे धोरण पटतं, मनापासून पटतं. मर्सिडीजने 2021 मध्ये, बाजाराची साथ असेल तिथे 2030 पर्यंत संपूर्ण इलेक्ट्रिक होण्याची तयारी जाहीर केली आणि 2024 मध्ये ते लक्ष्य पुढे ढकललं. पोर्शेला 2030 पर्यंत 80 टक्क्यांहून जास्त विक्री इलेक्ट्रिक हवी होती. 2025 मध्ये तीही पुन्हा इंजिनांकडे वळली. बीएमडब्ल्यूवर शब्द गिळायची वेळच आली नाही. उलट 2024 मध्ये या समूहाने 4 लाख 26 हजारांवर बॅटरीच्या गाड्या विकल्या, मर्सिडीजच्या दुपटीहून जास्त.

याचं मूळ कारखान्यात आहे. इलेक्ट्रिक आय4 म्युनिकमध्ये पेट्रोल गाड्यांच्याच लाइनवर बनते, इलेक्ट्रिक आय7 डिंगोल्फिंगमध्ये इंजिनवाल्या 7 सिरीजसोबत. मागणी इकडची तिकडे झाली तर प्रमाण बदलायचं, लाइन थांबत नाही. यात वजन वाढतं, पेट्रोल गाडीतला फरशीवरचा मधला उंचवटा तसाच राहतो, हे खरंच. पण ग्राहकाला त्याच्या ओळखीची 7 सिरीज मिळते. मर्सिडीजने हवा कापण्यासाठी आपल्या इलेक्ट्रिक ईक्यूएसला कमानीसारखा आकार दिला, आणि एस-क्लास या तिच्या आलिशान गाडीचा रुबाब त्यात हरवला.

आता प्रश्न अवघड आहे. सहा सिलिंडरचं मऊ चालणारं इंजिन ही बीएमडब्ल्यूची शान होती. इलेक्ट्रिक मोटर तर सगळ्यांचीच मऊ आणि शांत, मग वेगळेपण कुठून आणायचं? म्हणून 2025 मध्ये आलेली नवी आयएक्स3 मला महत्त्वाची वाटते. फक्त इलेक्ट्रिकसाठी घडवलेला सांगाडा, 800 व्होल्टची विद्युत प्रणाली, 400 किलोवॉटपर्यंत चार्जिंग, युरोपीय चाचणीत 805 किलोमीटरपर्यंत रेंज. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोटर, ब्रेक आणि ब्रेकमधून परत मिळणारी वीज हे सगळं एकच संगणक सांभाळतो. चालवण्याचा आनंद जिथे घडतो, तिथेच कंपनीने पैसा ओतला आहे.

गरम सीटसाठी दरमहा पैसे मागण्याचा प्रकार मात्र संतापजनक होता. गाडीत आधीच बसवलेली वस्तू चालू करायला भाडं कसलं? 2023 मध्ये तो सोडला, बरं झालं.

काळजी वाटते ती चीनची. तिथे 2024 मध्ये समूहाची विक्री 13 टक्क्यांच्या आसपास घटली, आणि त्याच वर्षी शाओमीसारखी फोन बनवणारी कंपनी एसयू7 घेऊन उतरली. तिथल्या गाड्यांसाठी बीएमडब्ल्यूने अलीबाबा आणि मोमेंटा या चिनी कंपन्यांकडून अनुक्रमे एआय आणि ड्रायव्हर-सहाय्य प्रणाली घ्यायचं ठरवलं. काहींना ही शरणागती वाटते, मला नाही. पडद्यावरचं सॉफ्टवेअर खुशाल दुसऱ्याचं असू दे; मोटर आणि ब्रेक सांभाळणारा तो संगणक मात्र तिने कधीही बाहेरून घेऊ नये.