एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : बॉनेटची चूक आमची, दारांची नाही

दादा, नमस्कार.

तुम्ही गेल्या आठवड्यात आमच्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानाला एक स्टार देऊन लिहिलंत : 'भेसळीचा रंग. चार महिन्यांत दारांना फुगे, फाळक्याला सुरकुत्या, बॉनेटची चमक गायब. मागितलेला रंग दिलाच नाही. मालकाला गिऱ्हाइकाशी बोलायची रीत नाही. १८,४०० रुपये पाण्यात.'

उत्तराला आठ दिवस लागले, कारण गाडी बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही असं ठरवलं होतं. रविवारी तुमच्याकडे येऊन गेलो. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो : गाडी १९९४ची टाटामोबाईल पिकअप. हे मॉडेल १९८८ साली आलं आणि पुढे टाटाच्याच सिएरा आणि इस्टेट याच गाडीवरून बेतल्या, त्यामुळे जुन्या गाड्यांच्या शौकिनांना तिचं वेड असतं. यांच्या वडिलांनी वीस वर्षं तिच्यातून गूळ आणि भाजी ओढली. यंदा या दादांनी घरीच, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, तिचं पत्राकाम आणि रंगकाम स्वतः केलं. लांबी (खड्डे भरायची पुट्टी), प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक, चमकीचा थर), सगळा माल आमच्या उद्यमनगरातल्या दुकानातून गेला.

आधी बॉनेट. ती चूक आमची आहे.

तुम्ही क्लिअरचा एक डबा पुरला नाही म्हणून दुसऱ्यांदा आलात, तेव्हा त्या कंपनीचा हार्डनर संपला होता. काउंटरवरच्या पोराने दुसऱ्या कंपनीचा दिला आणि 'चालतंय की, सगळे सारखेच' म्हणाला. सारखे नसतात. क्लिअरमधलं थिनर उडालं की तो वरून वाळल्यासारखा दिसतो, पण पक्का होतो तो हार्डनरशी जुळून, आणि कुठल्या क्लिअरला कुठला हार्डनर किती मापाने लागतो हे प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. तुमच्याकडे गुऱ्हाळ होतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको : पाक लवकर उतरवला की ढेप बसत नाही, बोटाला चिकटत राहते. तुमच्या बॉनेटचं तेच झालंय. मी नखाने दाबलं तर चार महिन्यांनंतरही खूण उमटली. बिल काढून बघितलं, दुसऱ्या खेपेचा हार्डनर खरोखरच वेगळा आहे. पोराला बोललो, पण पोरगं माझ्या दुकानात उभं होतं, म्हणजे चूक माझीच. बॉनेट आम्ही उतरवून घेतो, क्लिअर घासून काढतो, पुन्हा रंग आणि क्लिअर मारून देतो. माल आणि मजुरी आमची.

आता दारं. इथे मात्र मी मान्य करणार नाही.

येताना जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून आणलं होतं, तुम्ही हसलात. डाव्या दारावर वरच्या अर्ध्या भागात ते खट्‌कन चिकटलं. खालच्या वीतभर पट्ट्यात सरळ घसरून खाली पडलं. म्हणजे तिथे पत्र्यावर लांबीचा जाड थर आहे. मग तुमच्याच परवानगीने एक फुगा ब्लेडने उघडला. आत आधी पाण्याचा थेंब, मग तांबडा चिखल, मग लांबी. उघडी पडलेली कड मोजली तर जवळजवळ ९ मिलिमीटर. आमच्या गॅरेजमध्ये मी तीनच्या वर जाऊ देत नाही. त्याच्या वर खड्डा असेल तर पत्रा ठोकून वर आणायचा किंवा सडका भाग कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. गंजावर लांबी भरली की गंज झाकतो, थांबत नाही.

त्यातून तुम्ही ती लांबी पाणीपेपरने घासलीत, आषाढात. आपल्याकडे सगळे जुने पेंटर पाणी मारूनच घासायचे, हे मला माहीत आहे. मीही तसंच शिकलो. पण ही हार्डनरवाली लांबी पाणी पिते. कोरड्या पेपरनेच घासायची, ८० नंबरच्या पेपरपासून सुरू करून १८० आणि मग ३२० पर्यंत. पाणीपेपर त्यानंतर, प्रायमर सरफेसरवर. प्यायलेलं पाणी आत राहिलं, वरून प्रायमर, रंग, क्लिअर बसला, आणि दिवाळीच्या उन्हात पत्रा तापला तेव्हा त्या पाण्याने वाट शोधली. तो फुगा.

आणि भोकं. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार चपटी भोकं असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून गळतं. तुम्ही कड गुळगुळीत दिसावी म्हणून तीही लांबीने बुजवलीत. उजवं दार मी जोरात उघडलं तेव्हा आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तो तुमच्या वडिलांनीही ऐकला. ते म्हणाले, 'मला वाटलं डिझेल हाय.' ड्रिलने एक भोक मोकळं केलं तर तांब्याभर पाणी निघालं. ते दार आतून सडतंय. त्याच्यावर जगातला कुठलाही रंग टिकणार नाही. बाकीची भोकं आधी मोकळी करा, आज करा, रंगाचं नंतर बघू.

फाळका बघून तर मी पाच मिनिटं काही बोललोच नाही. सुरकुत्या सगळीकडे नाहीत. नीट उभं राहिलं, ऊन तिरकं आलं, की त्या सुरकुत्यांमधून 'आईचा आशीर्वाद' असं वाचता येतं. शेजारी दोन्ही बाजूंना कमळ. वडिलांनी कधीतरी फाळक्यावर ऑइल पेंटने अक्षरं काढून घेतली होती, तुम्ही ती ४०० च्या पेपरने जेमतेम खरवडून त्यावर थेट आमचा रंग मारलात. आमच्या रंगातलं थिनर जहाल असतं, ऑइल पेंटला ते खालून फुगवून उचलतं. जिथे अक्षर, तिथे सुरकुती. जिथे नुसता कंपनीचा जुना रंग, तिथे सपाट. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी तरी पाहिला नाही. (खरं सांगू? मला ते आवडलं. पण तुम्हाला नको असेल तर ऑइल पेंट पत्र्यापर्यंत काढावा लागेल.) पुढच्या वेळी कुठल्याही जुन्या रंगावर थिनरचा बोळा दोन मिनिटं धरून ठेवा. रंग मऊ झाला, सुरकुतला किंवा बोळ्याला लागला, तर त्यावर थेट मारायचं नाही.

हा प्रश्न आम्ही काउंटरवर विचारायला हवा होता : 'खाली काय आहे?' विचारला नाही. तेवढा दोष आमचा. परवापासून घरी रंग मारणाऱ्या प्रत्येकाला विचारतोय.

राहिली भेसळ. दादा, एकाच डब्यातला रंग, रंग फवारायची एकच गन, गोठ्याशेजारची तीच शेड आणि दोन दिवसांचं काम. त्यात केबिनचं टप आणि डावं मडगार्ड आजही आरशासारखं आहे. तिथे तुम्ही पत्रा उघडा करून इपॉक्सी प्रायमर मारला होता आणि क्लिअर पहिल्या खेपेचा होता. रंगात खोट असती तर टपाने का सोडलं असतं? टपावर तर ऊन सगळ्यात जास्त.

ते मडगार्ड मी दोनदा हात फिरवून बघितलं. सडलेली कमान कापून तिथे तेलाच्या पिंपाच्या पत्र्याचा तुकडा तुम्ही वाकवून बसवलाय, आणि वेल्डचा सांधा हाताला लागत नाही. आमच्याकडे वीस वर्षं असलेला डेंटर, म्हणजे पत्राकाम करणारा कारागीर, सोबत होता, तो परतताना म्हणाला, हे पोरगं कामाला मिळालं तर बघा. घरी काम करू नका असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्या दुकानदाराला माल विकायचा हक्क नाही.

रंग दिला नाही, ही तक्रार खरी आहे. तुम्ही मोबाईलवर एका जुन्या फौजी जीपचा फोटो दाखवून तोच हिरवा मागितलात. तो मी दिला नाही, उद्या आलात तरी देणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातल्या १२१ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. नाक्यावर पोलिसाने अडवलं तर मी तिथे नसतो, तुम्ही असता. तुम्ही शेवटी मातकट करडा घेतलात, तो शोभतोय. पण आरसी बुकात गाडीचा रंग पांढरा आहे आणि बदललेला रंग आरटीओत नोंदवावा लागतो. तुमच्या वडिलांना विचारलं, नोंद झालेली नाही. पासिंगला जायच्या आधी ते करून घ्या.

बोलायच्या रीतीबद्दल. हो, आवाज चढला होता. 'फौजेत भरती व्हा, मग देतो' असं चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, ते चुकलं, माफी मागतो. नियम सांगून विषय संपला असता.

एका गोष्टीवर मात्र पुन्हा आवाज चढेल. तुम्ही क्लिअर मारताना तोंडाला रुमाल बांधला होता आणि वडील शेडच्या दारात खाटेवर बसले होते, असं तुम्हीच कौतुकाने सांगितलंत. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवाऱ्यातून ते छातीत गेलं की काहींना दमा जडतो, आणि एकदा अंगाने ते धरलं की पुढे नुसत्या वासानेही धाप लागते. रुमाल धूळसुद्धा धड अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे, चष्मा ही अगदी कमीत कमी तयारी; खरं तर बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा. वडील आणि गुरं लांब. मास्क नसेल तर यापुढे तुम्हाला हार्डनर मिळणार नाही, मग अजून एक स्टार कमी करता येत असेल तर करा.

आता व्यवहाराचं. रंगाचे पैसे परत करणार नाही, कारण रंग चांगला आहे. बॉनेट आमच्या खर्चाने. दारं आणि फाळक्यासाठी लागेल तो माल खरेदीच्या भावात देतो, त्यावर एक रुपया लावत नाही, आणि दारांच्या खालच्या पट्ट्या कापून नवा पत्रा कसा बसवायचा ते आमचा डेंटर एक दिवस तुमच्या शेडमध्ये येऊन दाखवेल. काम तुम्हीच करा. तुमच्या कॉम्प्रेसरला पाणी पकडणारा फिल्टर नाही, तो बसवून घ्या. टाकीच्या खालची तोटी उघडली तेव्हा केवढं पाणी निघालं ते तुम्ही बघितलंत. सध्या पहाटे दव पडतंय, त्यामुळे पत्रा हाताला कोरडा आणि कोमट लागल्यावरच गन हातात घ्या, साधारण अकरा ते तीन. आणि शेजारची कडबाकुट्टी त्या दिवशी बंद ठेवायला सांगा. तुमच्या हौद्याच्या क्लिअरमध्ये मी कडब्याची तीन कुसळं मोजली.

स्टार एकच राहू द्या, मला चालेल. 'भेसळ' हा शब्द तेवढा काढा.

बॉनेट घेऊन मंगळवारनंतर कधीही या, सोमवारी दुकान बंद असतं. बिजागऱ्या बॉनेटलाच राहू द्या आणि बॉडीच्या बाजूचे बोल्ट सोडवा, पण सोडवायच्या आधी बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ मारून ठेवा, नाहीतर परत बसवताना फट जुळवता जुळवता अख्खी दुपार जाईल.