लिलीच्या कंदाची पिल्ले लगेच तोडावीत काय? : एक खुलासा

नागपुरातील बागप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, घरातील कुंडीतल्या अ‍ॅमेरिलिस लिलीच्या कंदाला फुटलेली पिल्ले दिसताक्षणी तोडावीत, अन्यथा मूळ कंदाला फूल येत नाही. हे बरोबर नाही. पिल्लू कंदाच्या तळाशी असलेल्या चकतीला जोडलेले असते आणि स्वतःची मुळे धरेपर्यंत त्याचे पोषण तेथूनच होते. वाटाण्याएवढे असताना ते ओढून काढल्यास बहुधा तेच वाळते, शिवाय चकतीवरील जखमेतून मोठ्या कंदालाही कूज लागू शकते. स्वतंत्र मुळे आणि दोन-तीन पाने आल्यावर, कुंडी बदलताना ते हलक्या हाताने वेगळे करावे. त्याला फूल यायला मात्र दोन-तीन वर्षे थांबावे लागते.

फूल न येण्याचे कारण बहुतेकदा अपुरा उजेड, किंवा फुलोऱ्यानंतर हौसेने छाटलेली हिरवी पाने, हेच असते. पुढच्या फुलाचे अन्न त्या पानांतच तयार होते. उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेत माती लवकर सुकत नाही, म्हणून कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा आणि वरची बोटभर माती कोरडी झाल्याखेरीज पाणी घालू नये.