आलँ फिशर, चार मुलांचा ल्युकेमिया आणि एक खोटा निष्कर्ष

गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या गटात येतो, वाड्यावरच्या गटात येतो, शिगम्याच्या रोमटामेळासाठी काढलेल्या गटातही येतो. त्याचा मथितार्थ असा: आलँ फिशर हा फ्रेंच डॉक्टर जीन थेरपीचा जनक. त्याने लहान मुलांवर प्रयोग केले, मुलांना रक्ताचा कॅन्सर झाला, प्रकरण दाबलं गेलं. पुढे सरकारने त्यालाच कोविड लसीकरणाचा प्रमुख नेमलं, म्हणजे लस ही जीन थेरपीच होती. तुमची-आमची जनुकं बदलली आणि कंपन्यांनी अब्जावधी कमावले. शेवटी सल्ला: देवाने दिलेली प्रतिकारशक्ती पुरेशी आहे, मुलांना काही टोचू देऊ नका. आणि अर्थातच, दहा जणांना पाठवा.

हा मजकूर पसरतो, कारण त्यातली दोन वाक्यं खरी आहेत. मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झाला होता. फिशर लसविषयक समितीचे अध्यक्षही झाले होते. खोटं आहे ते या दोहोंच्या मध्ये भरलेलं.

'जनक' हा शब्द आधी बाजूला ठेवू. सदोष जनुकाच्या जागी चांगलं जनुक देऊन आजार बरा करता येईल, ही जीन थेरपीची कल्पना नीट मांडणारा लेख अमेरिकेत थिओडोर फ्रिडमन आणि रिचर्ड रॉब्लिन यांनी १९७२ मध्ये लिहिला. रुग्णावर मान्यताप्राप्त उपचाराचा पहिला प्रयत्न झाला १९९० मध्ये, तोही अमेरिकेतच. २०१५ चं जपान पारितोषिक फ्रिडमन आणि फिशर यांना मिळून दिलं गेलं, कल्पना एकाची आणि ती रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणं दुसऱ्याचं म्हणून.

आता 'मुलांवर प्रयोग'. इथे घाई करून चालणार नाही.

फिशर यांचा जन्म १९४९ चा. पॅरिसच्या नेकर बालरुग्णालयात ते बालरोगतज्ज्ञ आणि प्रतिकारशक्तीचे अभ्यासक म्हणून वाढले. ज्या इमारतीत ही मुलं दाखल व्हायची, तिथल्याच आवारात त्यांच्या रक्तातला दोष शोधणारी प्रयोगशाळा होती. जन्मजात प्रतिकारशक्तीच नसण्याच्या कितीतरी आजारांची जनुकं या गटाने शोधली. जीन थेरपीची बातमी झाली, हे काम मात्र तज्ज्ञांपुरतं राहिलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा खरा कणा तोच.

त्यांतला एक आजार एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे होतो. आई धडधाकट असते, दोष तिच्याकडून मुलग्याकडे जातो. अशा बाळात रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशी तयारच होत नाहीत. साधी सर्दी, तोंडातली बुरशी, जुलाब यांतून ते बाहेर येत नाही आणि उपचार नसेल तर बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जातं. म्हणून जाणता डॉक्टर आईला विचारतो, 'तुमचे कुणी भाऊ तान्हेपणी गेले होते का?' अमेरिकेत डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा याच आजारामुळे प्लॅस्टिकच्या निर्जंतुक खोलीत वाढला आणि १९८४ मध्ये, बाराव्या वर्षी गेला. बहिणीच्या हाडांतला मगज (अस्थिमज्जा) त्याला दिला होता. त्यात लपलेल्या एका विषाणूने घात केला.

भावाबहिणीचा मगज तंतोतंत जुळला तर हा आजार चांगला बरा होतो. न जुळला तर धोका फार. फिशर, मरीना कावाझाना आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली चाचणी जुळणारा दाता नसलेल्या मुलांसाठी होती. बाळाचा मगज काढायचा, त्यातल्या, रक्ताच्या बाकी पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या, प्रयोगशाळेत काही दिवस त्यांच्यावर चांगलं जनुक वाहून नेणारा, निकामी केलेला रेट्रोव्हायरस सोडायचा आणि त्या पेशी बाळाला परत द्यायच्या. एप्रिल २००० मध्ये पहिल्या दोन बाळांचा अहवाल आला. त्यांच्या शरीरात टी पेशी आल्या होत्या. मुलं घरी गेली.

२००२ मध्ये पहिला ल्युकेमिया दिसला, आणि दुसऱ्याला फार उशीर लागला नाही. रेट्रोव्हायरस आपलं जनुक पेशीच्या डीएनएत कुठेही चिकटवतो. इथे ते पेशींची वाढ भडकवू शकणाऱ्या एलएमओ२ या जनुकाजवळ चिकटलं होतं आणि विषाणूच्या टोकांवरच्या 'चालू हो' अशा हुकमाने तेही जागं झालं. खाजनात (खाडीकाठच्या शेतात) मासे धरायला मानस (बांधातलं पाण्याचं दार) उघडावी आणि शेजाऱ्याच्या भातात खारं पाणी शिरावं, तसला प्रकार.

'दाबलं' म्हणणाऱ्यांनी आता तारखा पाहाव्यात. चाचणी त्याच वर्षी थांबवली. जानेवारी २००३ मध्ये ही दुर्घटना जगातल्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकांपैकी एकात, याच डॉक्टरांच्या नावाने छापून आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपल्याकडच्या तसल्या चाचण्या रोखल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये नेमकी यंत्रणा प्रसिद्ध झाली. २०१० मध्ये नऊ मुलांचा पूर्ण हिशेब मांडला: चौघांना ल्युकेमिया, त्यांतला एक दगावला, नऊपैकी आठ जिवंत, आणि सात जणांची प्रतिकारशक्ती टिकलेली, ल्युकेमियातून वाचलेले तिघे धरून. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ल्युकेमियाची गोष्ट कळली, ती याच छापील कागदांमुळे. दडवली असती तर तो आज काय फॉरवर्ड करत बसला असता?

एक मूल गेलं. हे कुठल्याही टक्केवारीने झाकायचं कारण नाही, आणि त्या लेखांनीही झाकलेलं नाही. पुढे विषाणूच्या टोकांवरचा तो हुकूमच कापून टाकला. सुधारित वाहकाने पॅरिस, लंडन आणि अमेरिकेत नऊ मुलांवर उपचार झाले. २०१४ च्या अहवालात आठ जिवंत होती आणि ल्युकेमिया एकालाही नव्हता. दगावलेल्या मुलाला उपचाराआधीपासूनच विषाणूचा संसर्ग होता.

पुढचा दावा: जीन थेरपीवाल्याला लसीकरणाचा प्रमुख केलं, म्हणून लस ही जीन थेरपी. हा तर्क चालवायचा तर हृदयरोगतज्ज्ञ आरोग्य संचालक झाला की ताप-खोकल्याच्या गोळ्याही हृदयाच्या ठरतील. फिशर आधी प्रतिकारशक्तीचे डॉक्टर आहेत आणि लस हा त्याच विद्येचा भाग. शिवाय डिसेंबर २०२० मधली नेमणूक आकाशातून पडली नव्हती. फ्रान्समध्ये लसींवरचा विश्वास घसरला, तेव्हा २०१६ मध्ये नागरिकांशी सल्लामसलत करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यानंतर २०१८ पासून तिथे बाळांना ११ लसी सक्तीच्या झाल्या.

'आपली जनुकं बदलली' म्हणणाऱ्यांचा सगळा रोख एमआरएनए लसींवर, म्हणजे विषाणूचं प्रथिन बनवण्याचा संदेश पेशीला देणाऱ्या लसींवर, असतो. त्या गोव्यात कितीशा आल्या? आपल्याकडे बहुतेकांनी घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला विषाणू, जुन्याच पद्धतीची लस. सत्तरी तालुक्यात माकडतापावर दिली गेली तीही मारलेल्या विषाणूचीच, आणि काजूच्या बागांत राबणाऱ्यांनी ती घेतली तेव्हा जनुकांचा विषय कुणी काढला नव्हता.

कोविशील्डबद्दल मात्र उत्तर एका ओळीत देणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिच्यात चिंपांझीच्या अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये बसवलेलं डीएनए असतं आणि ते पेशीच्या केंद्रकापर्यंत जातं. पण आपल्या डीएनएत स्वतःला चिकटवून घेण्याची रेट्रोव्हायरसकडे असते तशी यंत्रणा त्याच्याकडे नाही. कोविडच्या विषाणूवरच्या स्पाइक प्रथिनाचा नमुना देऊन ते नाहीसं होतं. फिशर यांना जनुक कायमचं बसवायचं होतं, पिढ्यान्‌पिढ्या विभागणाऱ्या मूळ पेशींत. लसीला असलं काहीच नको असतं. कोविशील्डमुळे क्वचित रक्ताच्या गाठी झाल्या, हे खरं आहे. पण त्याचं कारण प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं. जनुकं बदलल्यामुळे ते झालं नाही.

आता तो शेवटचा सल्ला, जो मला सगळ्यात घातक वाटतो. 'देवाने दिलेली प्रतिकारशक्ती' ज्यांना मिळालीच नाही, अशाच मुलांसाठी फिशर यांचं आयुष्य गेलं. आणि या मुलांना आधार असतो आजूबाजूच्यांच्या लसीकरणाचाच, कारण शेजारच्या घरातला गोवर त्यांना सोसत नाही. एक सावधगिरी खरोखर आहे, पण ती फॉरवर्डमध्ये नाही: आपल्याकडे जन्मतःच दिली जाणारी बीसीजी ही जिवंत लस आहे, आणि टी पेशी नसलेल्या बाळाच्या अंगभर ती पसरू शकते. घरात, विशेषतः आईच्या माहेरी, मुलगे तान्हेपणी गेले असतील तर बाळ जन्माला येण्याआधीच डॉक्टरांना सांगा. बाकीच्या बाळांना बीसीजी द्यायचीच.

पैशांचा मुद्दा राहिला. लसींवर कंपन्यांनी अमाप कमावलं, यात वाद नाही. पण फिशर यांच्या क्षेत्रात उलटंच घडलं आहे. नेकरच्या कामाला टेलिथॉन या दूरदर्शनवरच्या देणगी मोहिमेतून गोळा झालेल्या लोकांच्या पैशांचा आधार होता. याच आजाराच्या दुसऱ्या प्रकारावर इटलीत विकसित झालेल्या जीन थेरपीला युरोपात २०१६ मध्ये मान्यता मिळाली. रुग्ण इतके थोडे की कंपनीने तिच्यातून अंग काढून घेतलं आणि २०२३ मध्ये तिथल्या टेलिथॉन या धर्मादाय संस्थेला ती स्वतःकडे घ्यावी लागली.

जीन थेरपी आता भारतातही होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी बदलून रक्ताच्या काही कॅन्सरांवर ती दिली जाते. कॅन्सरसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयातून मुंबई गाठणाऱ्या गोवेकरांच्या ती कामाची आहे. तिचा खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात सांगितला जातो. गोवा सरकारची आरोग्य विम्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा मोठ्या कुटुंबासाठी वर्षाची मर्यादा होती चार लाख. त्या गटांत दहा जणांना पाठवायचंच असेल, तर आमदारांना विचारायला हा आकडा पाठवा.